डावा माईक

"डावा माईक चालू ठेव रं, बाला."

स्टेजवर चढताना बेंजोवाल्या दादाचं पहिलं वाक्य हेच. कसा आहेस नाही, चहा घेतलास का नाही. डाव्या माईकच्या जाळीवर बोटाने दोनदा टकटक करायची आणि स्वतः उजव्या माईकपाशी जाऊन उभं राहायचं. डावीकडे कोणीच उभं राहत नसे.

मी साऊंडवाला. नागावपासून रेवदंड्यापर्यंत कुठेही लग्नाची हळद असली की स्पीकरचे बॉक्स माझे आणि गाण्या-वाजवण्याची बेंजो पार्टी त्याची, हे ठरलेलं. आता तुम्हीच सांगा, रिकामा माईक चालू ठेवला की तो स्पीकरमधून शिट्टी मारणार की नाही? मारणारच. आणि शिव्या कोणाला? साऊंडवाल्याला. म्हणून मी आपला "हो दादा" म्हणायचो आणि मिक्सरवर तो माईक गुपचूप बंद करून टाकायचो. त्याला कधी कळलं नाही, असं मी समजून होतो.

ती जागा त्याच्या धाकट्या भावाची. दोघे एकत्र गायले की कुठला आवाज कोणाचा ते मलासुद्धा कळत नसे, आणि मी कानांवरच पोट भरतो. मग धाकट्याने बेंजो सोडून पनवेलच्या एका डीजेकडे काम धरलं. ह्या मोठ्याचं डोकं फिरलं. भर हळदीत, पाहुण्यांसमोर ओरडला, "माझ्या स्टेजवर परत पाय ठेवू नको!" धाकट्याने नऊ वर्षं ठेवला नाही. आपलं चुकलं, एवढं म्हणायला ह्याची जीभ वळेना. मग बसायचा माईक लावत.

बेंजोशिवाय दादाला आणखी एक वेड होतं, परदेशातल्या चौघांच्या एका रॉक बँडचं. जहाजावर काम करणाऱ्या मामाने लहानपणी कॅसेटी आणून दिल्या होत्या. दोघा भावांनी त्या पट्ट्या झिजेपर्यंत ऐकल्या. "अर्थ कळतो का रे?" असं मी एकदा विचारलं. "अर्थ कशाला पायजे? रडू येतं न्हवं?" म्हणाला.

त्याची एकच इच्छा होती. त्या बँडचा अख्खा जन्म, पहिल्या गाण्यापासून बँड मोडेपर्यंत, एकदा आपल्या कोळीवाड्यात वाजवायचा. शेवटी शिमग्यानंतरच्या एका रविवारी देवळापुढच्या मैदानात ते ठरलं. पत्रिका त्याने स्वतः पनवेलला नेऊन दिली. भाऊ घरी नव्हता, ती दाराच्या फटीत खोचून आला. मला दहादा विचारलं, "यील का रं?" मी म्हटलं, येईल. मला काय माहीत?

ऊन उतरताच सुरू केलं. काय सांगू तुम्हाला! सुरुवातीची गाणी लग्नातले कोट घालून. पुढे बँडने मिशा ठेवल्या म्हणून दादाच्या पार्टीने गावच्या नाटकाच्या पेटीतल्या मिशा चिकटवल्या. मग दाढ्या. घामाने एकाची दाढी गळ्यात आली तशा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गिटारीचं काम दादा बेंजोवर करत होता आणि मधेमधे बँडची गोष्ट सांगत होता. फक्त दोन आवाजांची गाणी आली की आपला भाग गायचा आणि दुसऱ्याच्या ओळीला गप्प उभा राहायचा. तेवढा वेळ नुसती ढोलकी वाजायची.

दिवे लागायच्या वेळेला गोष्ट शेवटाकडे आली. "मग ते भांडले," तो म्हणाला, "आणि बँड मोडला."

"थांब, थांब!" पुढच्या खुर्चीतून नाना उठले. नाना म्हणजे कोळीवाड्याचे पंच. भावाभावांची, होड्यांची, नवराबायकोची भांडणं तेच देवळात बसून मिटवतात. "मोडला म्हंजे? मधी कोन पडला न्हाय?"

"नाना, तिकडं पंच नसतात."

"म्हनूनच मोडला! चौघांना एका चटईवर बसवलं आसतं, तर कशाला मोडला आसता?" मैदान हसलं. नाना हसले नाहीत. "आनि तू? तू बसलास का रं तुज्या भावासंगं चटईवर?"

दादाने माईक तोंडाजवळ ओढला. मग म्हणाला, "माजंच चुकलं, नाना. समद्यांसमोर बोललो व्हतो, समद्यांसमोर सांगतो."

जनरेटरच्या मागून कोणीतरी पुढे आलं. धाकटा होता तो. स्टेजच्या पायरीशी त्याने चपला काढल्या, वर चढला, डाव्या माईकपाशी गेला आणि गायला लागला.

आवाज येईना.

माईक मी बंद ठेवला होता, हो! नेहमीसारखा. मिक्सरवर बटण शोधतो, तर सापडेना. सापडेपर्यंत निम्मी ओळ गेली. धाकट्याने मान वळवून भावाकडे पाहिलं. नक्की वाटलं असणार, ह्याने मुद्दाम बंद करवला. पण दादा गात होता, डोळे मिटून, भावाच्या ओळीत आपला आवाज मिसळून. मग दोन्ही आवाज मैदानावर आले आणि कुठला कोणाचा ते कळेना.

कार्यक्रम संपल्यावर मी दादाचे पाय धरायला गेलो. "दादा, माईक मीच..."

"ठाव हाय. नऊ वर्सं ठाव हाय. शिट्टी वाजत न्हवती न्हवं."

"मग बोलला का नाहीस?"

"मलाबी वाटायचं, तो काय येत न्हाय." हसला. "लोकांना न्हाय आयकू आली त्याची ती ओळ. मला आली."

पुढे दोन वर्षं दोघं भाऊ एकत्र वाजवत होते. मोठा गेल्या पावसाळ्यात गेला.

दिवाळीनंतरची पहिली हळद होती. धाकटा एकटाच स्टेजवर आला. उजव्या माईकच्या जाळीवर बोटाने दोनदा टकटक केली आणि डावीकडे जाऊन उभा राहिला.

"उजवा चालू ठेव," एवढंच म्हणाला.

मी खरंच चालू ठेवतो. माईक शिट्टी मारतो, लोक वळून माझ्याकडे बघतात. बघू देत.