वही बंद म्हणजे गिरणी बंद?

गिरणी धडधडीत चालू होती आणि अख्खं ठाणं म्हणत होतं, बुडाली.

आज माझ्या खापरपणजीची, उमाबाईची तिथी. तिचा फोटो कुणाकडेच नाही.
पण दर वर्षी आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये नैवेद्याचं पान वाढलं की आजोबा तिची ही गोष्ट सांगायचे. त्यांची ती सख्खी आजी. तिच्याच तोंडून ऐकलेली.

आता आजोबाही नाहीत. म्हणून यंदा मी सांगते. खरं सांगू, टाइप करतानाच हात शिवशिवतायत.

एकोणिसावं शतक संपत आलेलं. ठाण्यात एक कापडगिरणी. उमाबाईचा नवरा गेला आणि त्याचे तिथले शेअर तिच्या नावावर चढले.
तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच. ते गेले की जन्मभर दिराच्या ताटाखालचं मांजर.

कंपनीची तऱ्हा अशी, की शेअरवाल्यांना काही म्हणून सांगायचं नाही. आणि एके सकाळी फाटकावर नोटीस लागली. एका ओळीची.

"कंपनीची वही बंद राहील."

बस. का, कधीपर्यंत, काही नाही.

आता बाजारात वही बंद कोण करतं? ज्याचं दिवाळं निघालं तो.

आई शप्पथ, दुपारपर्यंत भाव निम्म्यावर!

दलाल येऊन ओटीवर बसला. दिरांनी कागद पुढे केला.
"वहिनी, सही करा. उद्या कुणी फुकटही घ्यायचं नाही."
"भाऊजी, भोंगा तर आत्ताच वाजला."
"भोंग्याचं काय घेऊन बसलात?"

ती उठली आणि चालायला लागली.
विधवा बाई, भर दुपारी, एकटी, गिरणीच्या फाटकावर. त्या काळात. मला इथे दर वेळी काटा येतो.

हेडक्लार्क म्हणाला, "सभेत कळेल."
"सभा कधी?"
"ते पण कळेल."

(मी स्वतः एका कंपनीत इन्व्हेस्टर रिलेशन्समध्ये आहे, म्हणजे शेअरवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरं देते. हे उत्तर अजून रिटायर झालेलं नाही.)

"शेअर माझ्या नावावर आहेत," ती म्हणाली. "गिरणी बंद होत्ये का, एवढंच सांगा."
तो हसलाच. "अहो बाई, नफा वाटायचाय. कुणाकुणाला द्यायचा ती नावं पक्की करायची, म्हणून तेवढे दिवस शेअरची नावं बदलायची वही बंद."
"मग तसं लिहा की."
"साहेबांनी एवढंच लिहायला सांगितलंय."

उमाबाईला नवऱ्याने लिहायला शिकवलेलं. तिने तिथलाच कोळसा उचलला आणि नोटिशीखाली लिहिलं:
नफा वाटायचा आहे म्हणून.

संध्याकाळी त्याच दलालाने आपणहून भाव वाढवला.
"विकायचे नाहीत," ती म्हणाली. दिरांनी कागदाची घडी घालून ठेवली.

दुसऱ्या दिवशी कंपनीने काय करावं? शिपाई पाठवून ती ओळ पुसून टाकली.
भाव परत घसरला. दिरांनी परत कागद काढला.

ती परत फाटकावर गेली.

या वेळी हेडक्लार्कने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला,
"बाई, जरा मोठ्या अक्षरात लिहा. माझेही शेअर आहेत."

खापरपणजी, तुला तुझ्या खापरपणतीचा मनापासून नमस्कार.