साडूंची फोर बाय फोर

माझ्या साडूंनी मला आजवर जितके धक्के दिले तितके त्यांच्या जुन्या जीपनेही दिलेले नाहीत, आणि त्या जीपमधून एकदा त्यांच्या गावी, दिघाशीपर्यंत गेलेल्या माणसाला या वाक्याचं वजन कळेल. नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा विहिरीतले आणि बोअरमधले पंप बाहेर काढून दुरुस्त करण्याचा. तालुक्यातल्या कुठल्या विहिरीत कुठली मोटर सोडली आहे हे त्यांना स्वतःच्या लेकींच्या जन्मतारखांपेक्षा पक्कं ठाऊक. कामाची गाडी वेगळी आणि कार्याची गाडी वेगळी, हे मात्र त्यांना कधीच मान्य झालं नाही. माझ्या लग्नात मुलीकडच्यांतर्फे मला मांडवात आणायचं काम त्यांच्याकडे होतं. मागे पाइप, साखळी आणि कप्पी, आणि त्यांच्या मधोमध फेटा सावरत मी. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरीने आधी माझ्या शेरवानीवरचा ग्रीसचा पंजा पाहिला आणि मग मला. मी पुरता हबकलो होतो. साडू शांतपणे म्हणाले, "पावणं, ग्रीस लागला म्हंजे गाडी चालू हाय. गंज लागला असता तं काय केला असता?"

डिझेलखेरीज दुसऱ्या कशावर चालणारी गाडी त्यांच्या लेखी गाडीच नव्हे. "पेट्रोल म्हंजे पेढा," ते सांगत, "तोंड गोड व्हतं, पोट भरत न्हाय. डिझेल भाकर हाय." जीपच्या स्टेअरिंगला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. गॅरेजवाल्याला गाडी वीतभर पुढे घ्यायची असली तरी त्याने यांना हाक मारायची, यांनी चहा टाकून यायचं आणि गाडी वीतभर पुढे घेऊन पुन्हा चहाकडे जायचं. एकदा तापाने फणफणलेले असताना मी गाडी चालवायची तयारी दाखवली, तर माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू मी त्यांच्या ताटात जेवायला मागितलं.

म्हणूनच कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला तेव्हा मी त्यांच्यापेक्षा जास्त हादरलो. नजर कडेकडेने मिटत चालली आहे, औषधांनी उरलेली टिकवायचा प्रयत्न करू, पण गाडी चालवणं आजपासून बंद, असं डॉक्टर म्हणाले. साडूंनी मान डोलावली. "समोरचं दिसतंय ना, डाक्टर? बाजूचं बघून मानसाला काय भेटतं? दुसऱ्याचं बघून नुसतं जलायलाच व्हतं." डॉक्टर हसले नाहीत. मीही हसलो नाही. पण खरा धक्का पुढेच होता. दुसऱ्याच दिवशी साडू त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या ताईला घेऊन रिक्षाने भिवंडीत आमच्या दारात उभे. तिला मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये घालायचं होतं. "गाडी आता हीच हाकनार," त्यांनी जाहीर केलं. मी आ वासून बायकोकडे पाहिलं, बायकोने ताईकडे, आणि ताई स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

ताईने मात्र महिनाभर आमच्याकडे राहून, पहाटे उठून, रस्त्यावरच्या म्हशींना आणि यंत्रमागांचं सूत वाहणाऱ्या टेम्पोंना चुकवत लायसन काढलं. अडचण जीपची होती. आमची ताई बुटकी. पाय क्लचपर्यंत पोचला की डोकं स्टेअरिंगच्या खाली जाई, आणि डोकं वर आलं की क्लच सुटून जीप बेडकासारखी उडी मारून बंद पडे. लेकी सासरी, घरात तिसरं माणूस नाही. ताईच्या पायाला पोचेल आणि शेतातल्या चिखलातून निघेल अशी गाडी मिळाली तर पंपाचं काम चालणार, नाहीतर साडूंनी उरलेला जन्म ओटीवर बसून काढायचा. ओटीवर बसलेले साडू आमच्यापैकी कुणालाच डोळ्यांसमोर आणवत नव्हते.

मग आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून शोरूम पालथी घालू लागलो. टाय लावलेला मुलगा मायलेज सांगायला लागला की साडू त्याला थांबवत आणि विचारत, "तुमच्यात सगल्यात बुटका कोन हाय?" बुटका सापडला की त्याला गाडीत बसवून क्लच दाबायला लावत. एका ठिकाणी असा बुटका नेमका मॅनेजरच निघाला. टपाच्या उघडणाऱ्या काचेचं कौतुक सांगितल्यावर साडूंचा चेहरा प्रथमच उजळला. "ह्ये बेस केलाव. पाइप उभा ऱ्हाईल." बोनेटवर चढून कप्पी टांगता येईल का, हे बघायला त्यांनी एका कोऱ्या गाडीवर पाय ठेवला, तेव्हा मी सरळ रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

शेवटी एक गाडी मनात भरली. एका शेजाऱ्याने घेतली होती, ताईचा पाय तिच्यात बरोबर पोचला होता. साडूंनी माझ्यासमोर कल्याण रोडच्या शोरूमला फोन लावला. "ती डिझेलची फोर बाय फोर हाय काय?"

"हाय सर," तिकडून गोड आवाज आला.

"हाय ना? नक्की?"

"हाय सर, बोला ना."

"त्यात बोलायचं काय? हाय तं ठेव. उद्या येतो." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जीप भंगारवाल्याला देऊन टाकली आणि हार, नारळ, ताई आणि मी अशी वरात शोरूममध्ये नेली. काउंटरवर जवळच्याच कोन गावची एक तरुण पोरगी होती. गाडी कुठली, काका, असं तिने विचारलं. नाव ऐकून म्हणाली, या गाडीला तर आठ महिन्यांचं वेटिंग आहे. साडू म्हणाले, "काल तू फोनवर हाय बोललीस." पोरगी क्षणभर गोंधळली आणि मग तिच्या लक्षात आलं. तिचा इंग्रजी सूर कुठल्या कुठे गेला. "काका, त्ये इंग्लिशमधलं हाय व्हतं. आमाला इथं तसंच बोलायला शिकवलंय."

"इंग्लिशमधलं? मंग आपल्यातलं हाय का न्हाय?"

"आपल्यातलं न्हाय, काका."

हार हातात धरून साडू पांढऱ्या सोफ्यावर बसले. फार वाईट वाटलं मला. मग ते हळूच म्हणाले, "पोरी, हिच्या पायाला पोचंल अशी कंची बी दे. माज्या डोल्यांनी आता व्हनार न्हाय." पोरीने ताईकडे एकवार खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आम्हाला मागच्या आवारात नेलं. पूर्णा गावच्या एका गोदामवाल्याने नव्या गाडीच्या बदल्यात दिलेली जुनी गाडी तिथे उभी होती. डिझेल, फोर बाय फोर, आणि रंग असा हळदीचा की बघून मी दचकलोच. ताई चढली, पाठीशी टॉवेलची घडी घेतली आणि क्लच तळापर्यंत दाबला. साडू खाली वाकून तिचा पाय बघत होते. "पोचला," ते म्हणाले, आणि बराच वेळ वर उठले नाहीत.

कागदपत्रं होऊन गाडी हातात आली त्या दिवशी ताईने ती दिघाशीला नेली. साडू डावीकडे बसले होते, मी मागे. फाटा सोडून आत वळल्यावर ते रस्ता सांगू लागले. कुठे वळण, कुठे कुणाची विहीर, सगळं तोंडपाठ. "आता डावीकं घे. म्होरं मोठा खड्डा हाय."

मी पुढे पाहिलं. खड्डा कधीच बुजवलेला होता. नवं काळं डांबर उन्हात चकाकत होतं, आणि साडू सरळ त्याच्याकडेच बघत होते. मी तोंड उघडणार तोच आरशातून ताईची नजर माझ्यावर आली आणि मी गप्प बसलो. तिने वेग कमी केला, गाडी डावीकडे घेतली आणि सपाट रस्त्यावरचा तो नसलेला खड्डा अगदी जपून चुकवला.

"बेस घेतलीस," साडू म्हणाले. "म्होरं अजून एक हाय."

तोही बुजवलेला होता. ताईने तोही चुकवला.