अण्णांची सपाट वाट

दूध संघात नोकरी केली की दूध नासतं, किस्से मात्र नासत नाहीत! त्यात दुष्काळ. वडवणीकडचं आमचं संकलन निम्म्यावर आलं, हातात वेळ उरला आणि आम्ही चार-पाच जणांनी दर रविवारी डोंगर चढायचा ग्रुप काढला. तेव्हापासून दुधापेक्षा किस्सेच जास्त जमा होतात.

*

ग्रुपमधले सगळ्यात वजनदार सदस्य ढाकणे अण्णा. संघात दुधाची फॅट तपासतात, स्वतःची मात्र तपासत नाहीत. पहिल्याच रविवारी चढ आला आणि अण्णा उजवीकडे वळले.

"अण्णा, वाट वर हाय!"

"डॉक्टरनं चालाय सांगितलंय. चढाय न्हाई!"

*

टँकरवरचे शेखभाई मोबाईलवर जंगलात जगण्याचे व्हिडिओ बघतात. एकदा म्हणाले, "आज काडीपेटीशिवाय चहा!" तासभर दगडावर दगड आपटला, बोट तेवढं चेचलं.

तेवढ्यात पायथ्याच्या वस्तीवरची कौसाबाई शेळ्या घेऊन आली. बराच वेळ बघत उभी राहिली.

"कावून बडवायलाव दगडं?"

"विस्तव करायलोय, मावशी."

तिनं कमरेची काडीपेटी काढून दिली. "घ्या. दगडाला सोडा, लई पुण्य लागंल."

*

डोंगरवाटेचे नियम मी पाठ केले होते. कचरा टाकायचा नाही, गाणी लावायची नाहीत, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. एकदा आम्ही चढत होतो आणि कौसाबाई डोक्यावर हंडा घेऊन उतरत होती. मी नियम सांगितला.

"तुमच्या नियमात हंडा न्हाई का?" ती म्हणाली.

आम्ही बाजूच्या काट्यात उभे राहिलो. तिनंच मग सांगितलं, की दिवाळीनंतर वस्तीची विहीर आटते. मग लेक आणि सून ऊसतोडीला जातात, नातीला सोबत नेतात आणि तिची शाळा सुटते. "हीर टिकली तर पोरीची शाळा टिकंल. त्येवडंच मागणं हाय बघा."

मला स्वतःची फार लाज वाटली. त्या दिवसापासून आमचा पहिला नियम, हंड्याला वाट!

*

पुढं एका रविवारी आम्ही वाट चुकलो. शेखभाई सूर्य बघून दिशा सांगत होते, आणि सूर्य होता डोक्यावर! शेवटी ठरलं, पुढच्या खेपेला चुन्याच्या फक्कीची गोणी आणून वाट आखायची. अण्णा हळू चालतात म्हणून गोणी त्यांच्याकडे दिली आणि आम्ही सावलीला बसलो.

चांगल्या दोन तासांनी अण्णा दुसऱ्या बाजूनं उगवले. चढ टाळत टाळत त्यांनी अख्ख्या डोंगराला फक्कीचा पट्टा बांधला होता. माथ्याकडे एक बोटभरही वाट गेली नव्हती!

*

पुढच्या रविवारी बघतो तर त्या रेघेवर सगळी वस्ती टिकाव-फावडी घेऊन खणत होती! पाणी अडवायच्या चरांसाठी त्यांनी शेतीखात्याकडे किती वेळा अर्ज दिले होते. आखणी एकदाची झाली, असं त्यांना वाटलं.

"सायेब, लाईन कुणी मारली?" कौसाबाईनं विचारलं. घामानं निथळत होती, पण चेहरा असा फुललेला, की खरं सांगायला माझी जीभच रेटेना.

तेवढ्यात शेतीखात्याचा माणूस आला. आता फजिती, म्हणून आम्ही माना खाली घातल्या. त्यानं पाणी भरलेली नळी लावून चर इथून तिथून मोजला आणि म्हणाला, "लेव्हल एकदम बरोबर, ना चढ ना उतार. इंजिनिअर कोण?"

आम्ही सगळ्यांनी अण्णांकडे बोट दाखवलं. मग फावडी घेतली आणि संध्याकाळपर्यंत खणलं.

*

यंदा पाऊस बेताचाच झाला, पण चर भरले. दिवाळी होऊन महिना झाल्यावर आम्ही वस्तीवर गेलो. कौसाबाईनं आधी विहिरीवर नेलं. मी खडा टाकला. डुबुक्!

"नात कुठं हाय?" शेखभाईंनी विचारलं.

"साळंत," कौसाबाई म्हणाली आणि तिनं पदर डोळ्याला लावला. मग फक्कीची गोणी आणून सरळ अण्णांपुढं ठेवली.

"इंजिनेर सायेब, आता त्या चराच्या वरल्या अंगाला अजून एक लाईन मारा."

अण्णांनी डोंगराकडं पाहिलं. आम्ही अण्णांकडं पाहिलं.

अण्णांनी गोणी खांद्यावर घेतली आणि चढायला लागले.