आईचा फोन रूट करावा का?

मित्रहो, आईचा फोन फार हळू चालतो. शाहूपुरीतला दुरुस्तीवाला म्हणाला, "रूट करूया काका. सगळा ताबा आपल्याकडं येतोय. कंपनीची नको ती ॲप काढली की फोन पळंल. पण चुकलं तर कायमचा बंद."

याच फोनवरून आई रोज शाहूवाडीच्या माझ्या बहिणीला व्हिडिओ कॉल करते. म्हणून आज आईलाच विचारलं.

"कशाला रं? त्यो उघडंस्तवर माझं जोतिबाचं नाव घिऊन हुतंय. लई पळाया लागला तर नाव कवा घिऊ?"

मी फोन तसाच तिच्या हातात दिला.

माझा फोन झटकन उघडतो. त्या वाचलेल्या वेळात मी कुणाचंच नाव घेत नाही. तुम्ही काय करता?