वळकटीची दोरी

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्या वर्षी मी अमरावतीच्या एका मुलींच्या वसतिगृहाची देखरेख करत होते. बाळापूरचा मामा, अकोल्याची मावशी, नांदगावची आत्या, अशी सगळ्यांकडे थोडी थोडी राहिलेली एक चौदा वर्षांची मुलगी तिथं आली. बाकीच्या मुली सकाळी अंथरुणाची नुसती घडी घालायच्या. ही मात्र वळकटी दोरीनं करकचून बांधून दाराशी ठेवायची.

"रोज कशाला बांधतेस गं?" मी विचारलं.

"जा म्हनलं का मंग बांधाले टाइम नाई भेटत, बाई."

संक्रांतीनंतर एका सकाळी पाहिलं, तर तीच दोरी मागच्या अंगणात दोन कडुनिंबांना बांधलेली आणि ही तिच्यावर आपला परकर वाळत घालत होती.

"तुमचं पातळ बी टाका, बाई."

मी गाठ ओढून पाहिली. सहजी सुटणारी नव्हती.