पानबाईंच्या दमणीचं चाक

निरगुडसरचे गेणभाऊ सुतार मुळातच कमी बोलायचे. गाडी तयार झाली की ते हात धुऊन ओट्यावर बसत, आणि ती कशी सांभाळायची हे गिऱ्हाइकाला सांगायचं काम त्यांच्या बायकोचं, सारजाबाईंचं. ही एकोणीसशे आठ-नऊ सालची गोष्ट. मंचर-जुन्नरकडची बरी घरं गेणभाऊंकडून दमणी करून घेत. दमणी म्हणजे वर छप्पर असलेली, बायकामुलांनी बसून गावाला जायची हलकी बैलगाडी.

सारजाबाई आधी चाकाला हळदकुंकू लावायच्या, मग पदर खोचून सुरू व्हायच्या. "या पाडव्यापून त्या पाडव्यापातूर लाकूड तडकलं, सांधा उकलला, तर आमी नीट करून देनार. पर वंगण तुमचं. सावली तुमची. आन् उनाळ्यात आठ दिसाला चाकं नदीत बुडवून ठेवायची, ते बी तुमचं. लाकूड सुकून वरची लोखंडी धाव निसटली, तर आमाला बोल लावायचा न्हाई." एवढं झालं की मालकाने त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने चाकाला वंगण घालायचं. बोटं काळी झाल्याशिवाय गाडी दाराबाहेर पडत नसे.

मंचरचे कापडवाले सोहनलाल शेठ यांनीही पांढरंशुभ्र धोतर सावरत दोन बोटं काळी केली आणि पाडव्याला दमणी घरी नेली. गाडी हाकायला जानकू होता. सारजाबाईंचं सगळं बोलणं त्याने मान डोलावत ऐकलं होतं.

वैशाखात शेठजींच्या पत्नी पानबाई दमणीतून बेल्ह्याला बहिणीकडे निघाल्या. नेमका बाजाराचा दिवस. गुरांची ही गर्दी, आणि बाजाराच्या तोंडाशीच चाकाची धाव निसटली. घरंगळत गेली ती थेट एका म्हशीच्या पायाशी.

"कुनाची रं गाडी?"

"निरगुडसरच्या सुताराची!"

"मंग बरूबर हाय. सुतार बोलत न्हाई, त्याची चाकंच बोलत्यात!"

हे हसणं दिवस मावळायच्या आत निरगुडसरला पोचलं. सारजाबाईंनी ताट बाजूला सारलं. बेल्ह्याच्या बाजारात कुठून कुठून माणसं येतात. तिथे नाव गेलं की बाहेरगावचं गिऱ्हाईक कशाला फिरकेल?

"नवं चाक करून देतो. मिटवून टाकू," गेणभाऊ म्हणाले.

"चूक आपली असंल तर दोन द्या. पर आदी बघू तर," सारजाबाई म्हणाल्या, आणि दमणी मंचरला परतल्याचं कळताच नवऱ्याबरोबर तिकडे गेल्या.

"सारजाबाई, वर्षाचा शब्द होता. दोन महिने तरी झाले का?" शेठजींनी दारातच विचारलं.

गेणभाऊंनी चाकावरून तळवा फिरवला. सांध्यात नख गेलं. "सुकलंय," एवढंच म्हणाले.

सारजाबाई वळल्या. "काय रं जानकू, मंचरची नदी आटली व्हय?"

जानकूने मान खाली घातली. "म्या नेत व्हतो, मावशी. पर..."

"मी अडवलं त्याला." पानबाई उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. "आम्हा जैनांत पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत. एवढी जड चाकं डोहात लोटायची, खाली किती जीव चिरडतील! माझ्याच्यानं नाही झालं. पण तुम्हाला कळवायला हवं होतं. चूक माझी आहे."

शेठजी दारातून बाजूला सरले. सारजाबाईंना तिथूनच परत फिरता आलं असतं. नवऱ्याच्या कामात खोट नव्हती, हे मालकिणीनेच कबूल केलं होतं. पण पुढच्या उन्हात हीच धाव पुन्हा निसटणार, हेही त्यांना दिसत होतं. नदी तर या घराला चालणार नव्हती.

पानबाईंनी त्यांना पाणी प्यायला आत बोलावलं. भांडं हातात घेताना सारजाबाईंची नजर चुलीमागे गेली. कणीक मळायची लाकडी काठवट ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

"ही अशी का वो?"

"उन्हाळ्यात तडकते ना. म्हणून गाळलेल्या पाण्यात फडकं भिजवून गुंडाळते."

सारजाबाई हसायलाच लागल्या. "अवो बाई, मंग चाक तरी काय, थोरली काठवटच की!"

गेणभाऊंनी धाव चढवून पाचरी ठोकल्या. पानबाईंनी स्वतः विहिरीचं पाणी गाळलं, गाळण्यात अडकलेले जीव परत विहिरीत सोडले, आणि दोघींनी मिळून चाकांना ओली पोती गुंडाळली. पानबाईंनी आपली एक अट घातली, की सूर्य मावळायच्या आत पोती सोडून वाळत टाकायची, म्हणजे ओलीत किडे होत नाहीत. तिसऱ्या दिवशी गेणभाऊंनी चाकावर हातोडी मारली. आवाज भरीव आला.

"आणि बेल्ह्यातलं हसणं?" शेठजींनी आपणच विषय काढला. पुढच्या बाजाराला ते दमणी घेऊन स्वतः गेले आणि भेटेल त्याला सांगितलं, "चाकाला पाणी आम्हीच दिलं नव्हतं." जानकूने तर सगळा प्रसंग सारजाबाईंच्या आवाजात करून दाखवला. माणसं पुन्हा हसली, पण त्या पावसाळ्याआधी गेणभाऊंकडे बेल्ह्याहून दोन नव्या गाड्यांची मागणी आली.

पुढच्या पाडव्याला पानबाई दमणीतूनच निरगुडसरला आल्या. खाली वंगणाच्या नळकांड्याशेजारी दोन पोती नीट घडी करून बांधलेली होती.

"तुमचा वर्षाचा शब्द आज संपला," पानबाई म्हणाल्या.

"संपला तर संपला. बसा, पोळी खाऊन जा. सूर्य हाय अजून, तुमाला जेवाया चालंल," सारजाबाई म्हणाल्या.

ओट्यासमोर एक नवी गाडी उभी होती. तिचा मालक वंगणात बोट घालायला वाकला, तशा सारजाबाईंनी त्याला थांबवलं. "पावणं, थांबा. आदी सांगा, तुमच्या घरात काय चालतं आन् काय चालत न्हाई?"