सगुणा आत्याचा झिरा

भूत, देव, अंगात येणं... यातलं मी काहीही मानत नाही. उलट आर्वीच्या बाजारात असल्या प्रकारांविरुद्ध पत्रकं वाटताना मी मार खाल्लेला आहे. तरी गेल्या चैत्रात भर दुपारी जे पाहिलं ते लिहितो — कारण त्याचा जो शेवट झाला, त्याने माझं डोकं अजून तापलेलं आहे.

आमचं गाव आर्वी-पुलगाव रस्त्याच्या पश्चिमेला. गावची नदी पुढे वर्धेला मिळते. गावच्या विहिरीवर आमच्या वस्तीला चढू देत नाहीत. स्वराज्य आलं, कायदा आला, विहीर त्यांचीच राहिली. म्हणून आमचं उन्हाळ्याचं पाणी नदीच्या रेतीत. प्रत्येक घराचा आपला झिरा — रेतीत हातभर खड्डा करायचा, पाणी पाझरलं की नारळाच्या नरोटीने घागर भरायची. पहिली नरोटी पाखरांसाठी बाजूला ओतायची.

मग एका पावसाळ्यात पूर बाजारपेठेत शिरला आणि सरकारला जाग आली. नदी खोल करायचं ठरलं. रेती ट्रकांनी गेली, डोह फोडला, वळण सरळ केलं, काठची करंजं तोडली. मासळीने दडावं कुठे, कासवांनी अंडी घालावी कुठे, कुणी विचारलं नाही. साहेबलोकांच्या लेखी रेती म्हणजे कचरा. अहो, रेती हीच नदीची घागर होती. ती खरवडल्यावर उरली टणक पिवळी माती. झिरे मेले. आणि पूर? तो सरळ सुटला आणि खालच्या गावाचा काठ कापून घेऊन गेला.

आम्ही वस्तीसाठी विहीर मागितली. ओव्हरसियर साहेब पाहणीला आले.

"इथे पाणी होतं कशावरून?" त्यांनी विचारलं.

"कशावरून म्हंजे? अठीसा, याच जागी बसून बसून कंबर गेली माही," आमच्या वस्तीतली सगुणा आत्या म्हणाली. साहेबांना दाखवायला ती घागर-नरोटी घेऊन जुन्या जागी उकिडवी बसली. "पाहा. असं भरत होतो."

नरोटी मातीवर खरवडली... आणि वर आली ती भरलेली.

आत्याने सवयीने ती बाजूला ओतली. पुन्हा घातली, पुन्हा भरलेली. खड्डा नाही, ओल नाही. मी हात लावला — माती तव्यासारखी तापलेली. घागर काठोकाठ झाली आणि नरोटी कोरडी येऊ लागली.

साहेब ते पाणी प्याले. रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "गोड आहे की. मग विहीर कशाला मागता?"

"साहेब, माती चाचपून पाहा," मी म्हणालो.

"पाणी डोळ्यांनी पाहिलं मी. माती काय चाचपायची?"

जीप गेली. विहीर नामंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी गावातली मंडळी नारळ-कुंकू घेऊन हजर. जागृत स्थान म्हणे. आमच्या विहिरीवर या, असं त्यांतल्या एकाही तोंडातून निघालं नाही.

मी नंतर तिथे कुदळीने खणून पाहिलं. ठणठणीत कोरडं. ते पाणी कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. आत्या आता कोसभर लांबून पाणी आणते. तिलाही विचारलं.

"मले काय मालूम बाप्पा," ती घागर उतरवत म्हणाली. "नदी आली बिचारी, नाई कसं म्हणू? पन साहेब गेल्यावर येती, तं तिचं काय बिघडलं असतं?"